श्री, श्रीमंत आणि श्रीमती : एका शब्दाचा हिशेब



आजचं व्याख्यान एकाच अक्षराबद्दल आहे. ते अक्षर म्हणजे 'श्री'. आपण ते इतक्या वेळा लिहितो की त्याच्याकडे बघतच नाही. पत्रिकेच्या माथ्यावर श्री, दुकानाच्या पाटीवर श्री, नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री. गावातल्या माणसाने देवाला 'श्रीं'च म्हणायचं, आणि बँकेच्या पासबुकावर आपल्या नावाआधीही तेच अक्षर. कामाला सुरुवात केली की आपण श्रीगणेशा करतो, आणि कोणी फार बोलला तर त्याच्या श्रीमुखात देतो. सत्काराला शाल आणि श्रीफळ लागतं. तेच फळ, पण त्याला 'नारळ' म्हणून एखाद्याला दिलं तर त्याची नोकरी गेली असं समजायचं! एवढा फरक केवळ शब्दाने पडतो. म्हणूनच शब्दांचा इतिहास पाहावासा वाटतो.

जुन्या पद्धतीची रोजकीर्द ज्यांनी पाहिली असेल त्यांना 'श्रीशिल्लक' हा शब्द आठवेल. आदल्या दिवशीची उरलेली रोकड दुसऱ्या दिवशी श्रीशिल्लक म्हणून पुढे ओढायची. म्हणजे हिशेबाची सुरुवात श्रीने आणि शेवटही श्रीने. आज आम्ही त्या शब्दाचाच हिशेब मांडणार आहोत. श्री म्हणजे पैसा, असं आज आपण सहज धरून चालतो. श्रीमंत म्हणजे पैसेवाला. हा अर्थ कुठून आला, त्याआधी काय होतं, आणि वाटेत काय गळून पडलं, हे तीन प्रश्न.

सुरुवात ऋग्वेदापासून करू. तिथे श्री ही अजून देवी नाही आणि धनही नाही. श्री म्हणजे झळाळी, शोभा, डोळ्यांत भरणारं तेज. मरुत् म्हणजे वादळवाऱ्याचे देव. ते अंगावर दागिने घालतात, छातीवर सोनं मिरवतात, ते कशासाठी? तर 'श्रिये', शोभेसाठी. आपल्या वैदिक भाषेची बहीण म्हणजे इराणची अवेस्ता. तिच्यातही याच कुळातला शब्द 'सुंदर' या अर्थाने येतो. म्हणजे मूळ कल्पना बघण्याशी जोडलेली आहे. श्री दिसते. ती पेटीत कुलूप लावून ठेवली तर तिला श्री म्हणता येणार नाही.

याच शब्दावरून संस्कृतात तुलनेची दोन रूपं बनली: श्रेयस् आणि श्रेष्ठ. अधिक झळाळणारा तो श्रेयान्, सर्वांत झळाळणारा तो श्रेष्ठ. श्रेष्ठावरून श्रेष्ठी, म्हणजे नगरातला पुढारी व्यापारी. प्राकृतात त्याचा सेट्ठी झाला आणि आपल्याकडे शेठ. तेव्हा शेठ आणि श्री हे एकाच घरातले. पुण्यातल्या प्रसिद्ध गणपतीचं नाव 'श्रीमंत दगडूशेठ' असं आपण घेतो, तेव्हा एकाच शब्दाची दोन रूपं शेजारी शेजारी उच्चारतो. आणि 'श्रेय'? रस्ता झाला की तो कोणी केला यावर चौकात दोन पक्षांचे दोन फलक लागतात, आणि वर्तमानपत्रं त्याला श्रेयवाद म्हणतात. तेही याच कुळातलं. कठोपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगतो: एक कल्याणाचं आणि दुसरं आवडीचं, आणि माणसासमोर दोन्ही येतात. तिथून निघालेलं श्रेय चौकातल्या फलकावर येऊन पोचलं. शब्दांनाही वय होतं, मंडळी.

आता लक्ष्मी. आपण श्री आणि लक्ष्मी एकच मानतो, पण सुरुवातीला त्या दोन होत्या. शुक्ल यजुर्वेदात त्या दोघी परमपुरुषाच्या दोन पत्नी म्हणून वेगवेगळ्या येतात. लक्ष्मीचा मूळ अर्थ 'खूण'. लक्ष, लक्षण, लक्ष्म हे सगळे तिचे सोयरे. खूण चांगली असेल किंवा वाईट. म्हणून अथर्ववेदात पापी लक्ष्मीला हाकलून लावायचा मंत्र आहे. माणसाबरोबर एकशे एक लक्ष्मी जन्माला येतात, त्यांतल्या वाईट निघून जाव्यात आणि चांगल्या राहाव्यात, अशी ती प्रार्थना. 'पापी लक्ष्मी' ही कल्पना आज आपल्याला चमत्कारिक वाटते. नीट विचार केला तर फारशी वाटू नये. काळा पैसा हा शब्द आपणच वापरतो ना?

या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती शतपथ ब्राह्मणातली गोष्ट. प्रजापती सृष्टी निर्माण करता करता थकला. त्या थकलेल्या प्रजापतीमधून श्री बाहेर पडली आणि तळपत उभी राहिली. देवांनी तिला पाहिलं आणि त्यांना तिचा लोभ सुटला. ते प्रजापतीला म्हणाले, हिला मारू आणि हिच्याकडचं सगळं घेऊ. प्रजापती म्हणाला, ती स्त्री आहे, स्त्रीला मारत नाहीत. जिवंत ठेवूनच घ्या काय घ्यायचं ते. मग वाटणी झाली. अग्नीने अन्न घेतलं, सोमाने राज्य, वरुणाने साम्राज्य, मित्राने क्षात्रतेज, इंद्राने बळ, बृहस्पतीने ज्ञानाचं तेज, सवित्याने राष्ट्र, पूषाने भग, सरस्वतीने पुष्टी आणि त्वष्ट्याने रूप. दहा देव, दहा वाटे. लुटली गेलेली श्री प्रजापतीकडे गेली. त्याने तिला सांगितलं, त्या दहा देवांना यज्ञाने प्रसन्न कर आणि आपलं परत माग. तिने तसं केलं आणि तिचं तिला परत मिळालं.

ही गोष्ट यज्ञविधीच्या समर्थनासाठी आली आहे हे खरं. पण तिच्यात श्रीची फोड आहे, आणि ती फोड मोजून बघण्यासारखी आहे. दहा वाट्यांमध्ये धनाच्या जवळ जाणारा वाटा एकच: भग. भाग्य, भगवंत, सुभग हे शब्द त्यातूनच आले. बाकी नऊ वाटे म्हणजे अन्न, सत्तेचे निरनिराळे प्रकार, बळ, ज्ञान, पोषण, रूप. पहिला वाटा अन्नाचा आहे, हेही लक्षात ठेवा. संस्कृत शब्द समुद्रापार गेले तेव्हा हाच वाटा बरोबर गेला असावा, कारण जावा आणि बाली बेटांवर 'देवी श्री' ही भाताची देवी आहे. तिकडचा शेतकरी श्री म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ओंबी येते.

इथे एक सावधगिरी. असं ऐकलं की काही जणांना वाटतं, बघा, आपले पूर्वज किती निरिच्छ होते, पैशाकडे ढुंकून पाहत नव्हते. हे साफ चुकीचं आहे. श्रीसूक्त काढून वाचा. ऋग्वेदाला पुढे जोडलेल्या खिलसूक्तांपैकी ते एक. त्यात सोनं मागितलं आहे, गाई, घोडे, माणसं मागितली आहेत, आणि कोणताही आडपडदा न ठेवता मागितली आहेत. फक्त ती श्री कशी आहे ते बघा. तिच्या मुलांतल्या एकाचं नाव कर्दम, म्हणजे चिखल. ती 'करीषिणी' आहे, म्हणजे शेणाने समृद्ध. शेणाने! ज्यांच्या घरी गोठा होता त्यांना हे विशेषण समजावून सांगावं लागत नाही. आणि तिच्या उलट जी अलक्ष्मी आहे, ती कोण? भूक, तहान आणि मळ. त्या सूक्ताला गरिबीचं कौतुक मुळीच नाही. भूक ही अलक्ष्मी आहे, तिला घराबाहेर काढायचं आहे, एवढा सरळ हिशेब. आपल्याकडे दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात आणि तिला हळदकुंकू वाहतात, तिला लक्ष्मी म्हणतात. मळ बाहेर काढते ती लक्ष्मी. त्या जुन्या विचाराशी हे चांगलं जुळतं.

आता ग्रंथांतून आपल्या डोंगरात येऊ. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल या वाटेने वर चढायचा. वाटेच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे, तो जकातीचा म्हणून दाखवतात. शेजारच्या लेण्यात नागनिका राणीचा मोठा लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्यात यज्ञ आणि त्यांतली दानं यांची यादी आहे: हजारोंनी गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. त्याच लेण्यात सातवाहन राजकुळातल्या व्यक्तींच्या मूर्ती कोरल्या होत्या. मूर्ती गेल्या, पायांचे अवशेष तेवढे उरले, आणि वर नावं राहिली. त्यांतल्या सिमुक सातवाहनाच्या नावापुढे शब्द आहे 'सिरिमातो'. म्हणजे श्रीमान. म्हणजे आपला श्रीमंत.

महाराष्ट्राच्या मातीतला हा शब्द दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि तो जकातीच्या वाटेवर, राजाच्या डोक्यावर कोरलेला आहे. तिथे सत्ता, व्यापार, दान आणि श्री एका भिंतीवर भेटतात. त्या काळी हा शब्द काही एका धर्माचाही नव्हता. भारहुतच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्यावर 'सिरिमा देवता' कोरलेली आहे. जैनांच्या कल्पसूत्रात महावीरांची आई त्रिशला हिला पडलेल्या शुभ स्वप्नांत श्रीदेवी आहे.

नाणेघाटाकडून नाशिकला जाऊ. पांडवलेण्यांतलं तिसरं लेणं. दुसऱ्या शतकात, पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात, त्याच्या आजीने, गौतमी बलश्रीने ते बौद्ध भिक्षूंना दान दिलं. 'बलसिरी', नावातच श्री. दिवंगत मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन तिने कोरून घेतलं, त्यात तो श्रीचं अधिष्ठान होता असं म्हटलं आहे. पण त्याच वर्णनात हेही आहे की त्याने कर धर्माला धरून घेतले, आणि प्रजेचं सुखदुःख ते आपलं सुखदुःख मानलं. राजस्तुतीत अतिशयोक्ती असते, ती धरून चला. तरी स्तुती करताना माणूस कोणते गुण निवडतो, त्यावरून त्या समाजाला काय आदराचं वाटत होतं ते कळतं. श्री हवी, आणि तिच्यासोबत कराचा न्यायही हवा.

महाभारतात हा विचार एका गोष्टीतून येतो. शांतिपर्वातली गोष्ट आहे. इंद्रप्रस्थात पांडवांचं वैभव पाहून दुर्योधन जळतो आणि धृतराष्ट्रापुढे कुरकुर करतो. तेव्हा धृतराष्ट्र त्याला प्रल्हादाची हकिकत सांगतो. प्रल्हादाने तिन्ही लोक जिंकले होते. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात त्याचा शिष्य होऊन राहिला, सेवा केली, आणि प्रसन्न झालेल्या प्रल्हादाकडे वर मागितला: तुझं शील मला दे. प्रल्हादाने शब्द दिला होता, तो पाळला. थोड्या वेळाने त्याच्या शरीरातून एक तेजस्वी आकृती बाहेर पडली. कोण तू? मी शील, तुझ्या त्या शिष्याकडे चाललो. मग दुसरी आकृती. मी धर्म, जिथे शील तिथे मी. मागोमाग सत्य गेलं. त्याच्यामागे सदाचार, मग बळ. आणि अगदी शेवटी श्री निघाली. ती म्हणाली, जिथे बळ तिथे मी.

मंडळी, या रांगेत श्रीचा नंबर शेवटचा आहे. ही गोष्ट वर्गात सांगताना आम्ही नेहमी तिथे थांबत असू. आपल्याला वाटतं की माणसाची किंवा घराण्याची घसरण पैसा गेला की सुरू होते. गोष्ट सांगते की पैसा गेला तेव्हा घसरण संपत आलेली असते. आधी शील जातं, ते कोणाला दिसत नाही. मग धर्म, सत्य, सदाचार. तोपर्यंत बळ असतं, श्री असते, दारात गाड्या असतात, लोक नमस्कार करत असतात. कारखान्याची, पेढीची, संस्थेची दिवाळखोरी जाहीर होते त्या दिवशी लोक म्हणतात, अचानक कसं झालं? अचानक काहीच होत नाही. रांगेतले आधीचे पाच जण कधीच निघून गेलेले असतात.

भगवद्गीतेतही श्री एकटी येत नाही. शेवटच्या श्लोकात श्री, विजय, भूती आणि नीती अशी चौघांची नावं स्वतंत्रपणे घेतली आहेत. यश वेगळं, समृद्धी वेगळी, श्री वेगळी. एकातून दुसरं आपोआप निघत नाही. आणि सहाव्या अध्यायात, योगभ्रष्ट माणूस पुढच्या जन्मी कुठे जन्म घेतो हे सांगताना, घर नुसतं श्रीमंत असून पुरत नाही. ते शुची आणि श्रीमंत लागतं. 'शुची' हे विशेषण जोडावं लागलं यावरून काय समजायचं? हेच, की तेव्हाही शुची नसलेले श्रीमंत होते. शब्दाचा अर्थ पैशाकडे सरकणं ही काही परवाची गोष्ट नाही. त्याचा दोष सगळा इंग्रजांना किंवा बाजाराला देता येणार नाही.

मराठी राज्यात हा शब्द पदवी झाला. पेशव्यांना श्रीमंत म्हणत. त्या काळच्या पत्रांचे मायने पाहा: 'अखंडितलक्ष्मीआलंकृत राजमान्य राजश्री' अमुक अमुक गोसावी यांसी. ज्याला पत्र जातंय त्याच्याकडे लक्ष्मी अखंडित आहे की नाही हे कोणी तपासत नसे. पुष्कळदा त्याच पत्राच्या पोटात पैशाची टंचाई, फौजेचा थकलेला पगार आणि सावकाराचा तगादा असे. थोरले बाजीराव श्रीमंतच होते, आणि कर्जाने गांजलेलेही होते. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिताना सावकारांच्या पाया पडून पडून जीव नकोसा झाला, अशा अर्थाची व्यथा त्यांनी मांडली आहे. नर्मदेपार फौजा नेणारा माणूस सावकारापुढे वाकतो आणि तरी श्रीमंत राहतो. कारण ती श्रीमंती राज्याची, बळाची, मानाची होती. शतपथातल्या दहा वाट्यांपैकी चार-पाच त्यांच्याकडे होते, आणि भग सावकाराकडे गहाण होता!

१८१८ साली पेशवाई संपली. राज्य गेलं, क्षात्र गेलं, साम्राज्य दुसऱ्याचं झालं. संस्थानिकांच्या नावामागे श्रीमंत ही पदवी मानाची म्हणून राहिली, पण सर्वसाधारण बोलण्यात शब्दाला टेकायला जागा उरली ती मुख्यतः पैशाची. पैसेवाला हा अर्थ आधीही होताच. आता त्याच्या शेजारचे बाकीचे अर्थ ओसाड पडले. आम्हाला यात कोणाचा कट दिसत नाही. दहा खोल्यांच्या वाड्यातल्या नऊ खोल्या बंद झाल्या, म्हणून सगळे दहाव्या खोलीत राहायला आले, एवढंच.

दुसरीकडे याच अक्षराचं उलट काहीतरी झालं. एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठीत नावामागे 'रा. रा.' लिहीत, म्हणजे राजमान्य राजश्री. राजे गेल्यावर राजमान्य कोणाला मान्य? स्वातंत्र्यानंतर सरकारी कागदांवर आणि एरवीही साधं 'श्री.' रूढ झालं. आम्हाला ही फार मोठी गोष्ट वाटते. सिमुकाच्या डोक्यावर कोरलेला शब्द मतदारयादीत, शाळेच्या दाखल्यावर, वीजबिलावर प्रत्येकाच्या वाट्याला आला. शेतमजूरही श्री. आणि मंत्रीही श्री. त्यात आता अर्थ उरला नाही, तो नुसता ठिपक्याचा शब्द झाला, असं कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, त्यातच अर्थ आहे. माणूस आहे म्हणून त्याच्या ठायी श्री आहे. त्यासाठी राज्य लागत नाही आणि ठेव पावतीही लागत नाही. संविधानाने मत जसं सगळ्यांना एकच दिलं, तसं भाषेने हे अक्षर दिलं.

सगळ्यांना दिलं का, पण? इथे आपण हिशेबातल्या थकबाकीकडे येतो.

श्रीमान याचं स्त्रीलिंगी रूप श्रीमती. अर्थ: जिच्या ठायी श्री आहे ती. संस्कृतात त्यात वैधव्याचा लवलेश नाही. हिंदीत विवाहित स्त्रीच्या नावामागे श्रीमती लावतात. मराठीत काय झालं? आपल्याकडे नवरा हयात असलेल्या बाईला 'सौ.' लावण्याची रीत. सौ. म्हणजे सौभाग्यवती. सौभाग्य आलं सुभग यातून, आणि सुभग यात तोच भग, पूषाने नेलेला. म्हणजे बाईचं भाग्य नवऱ्याच्या हयातीवर बेतलं. नवरा गेला की सौ. जातं आणि श्रीमती येतं. मग श्रीमती ऐकलं की समोरचा मनातल्या मनात समजून घेतो. शब्दाचा अर्थ 'श्री असलेली', आणि ऐकणारा त्यातून घेतो 'श्री गेलेली'. असा उलटा व्यवहार दुसऱ्या शब्दाचा आमच्या तरी माहितीत नाही. नोकरी करणाऱ्या, अविवाहित किंवा ज्यांना लग्नाची माहिती नावामागे लटकवायची नाही अशा अनेक स्त्रिया आज श्रीमती लावतात, तेव्हा त्यांना घरातली वडीलधारी माणसं दटावतात: असं अशुभ लिहू नये. अशुभ! श्री असणं अशुभ?

आणि हा प्रश्न नावामागच्या अक्षराशी संपत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. बघा, काय काय काढून घेत होते? कपाळावरचं, हातातलं, गळ्यातलं, पायातलं. ऋग्वेदातले मरुत् अंगावर घालत होते ते. रूप, शोभा, झळाळी, म्हणजे अगदी मूळ अर्थाची श्री. शतपथातल्या देवांनी तिला जिवंत ठेवून लुटलं, आपणही तेच करत आलो. फरक एवढाच की त्या गोष्टीत तिचं तिला परत मिळालं.

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, विधवांच्या नावामागे 'गंगा भागीरथी' लावावं असा प्रस्ताव राज्यात चर्चेला आला आणि त्यावर बरीच टीका झाली. त्या टीकेत आम्हीही मनाने सामील होतो. हेतू सन्मानाचा असेल, त्याबद्दल आम्ही शंका घेत नाही. पण सन्मानासाठी वेगळी खूण कशाला? पुरुषाची बायको गेली तर त्याच्या 'श्री.'मध्ये काही बदल होत नाही. त्याला कोणी वेगळी नदी देत नाही. नाशिकच्या लेण्यातल्या बलश्रीने स्वतःची ओळख कोरून घेतली ती महाराजाची आई, महाराजाची आजी, सत्य, दान आणि क्षमा यांत रमणारी अशी. मुलगा गेलेला, वृद्धपणी नातवाच्या राज्यात लेणं कोरवणारी ती बाई. तिच्या नावातली श्री कोणी पुसली नाही.

शेवटाकडे येताना एक आक्षेप आम्हीच घेतो, म्हणजे प्रश्नोत्तरांत तुमचा वेळ वाचेल. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारेल: शब्दाचा अर्थ वापरात असतो, मुळात नसतो. दोन हजार वर्षांपूर्वी श्रीचा अर्थ शोभा होता म्हणून आज आम्ही श्रीमंत शब्द तसा का वापरावा? अगदी बरोबर. व्युत्पत्ती म्हणजे आज्ञा नव्हे. श्रीखंड म्हणजे संस्कृतात चंदन, म्हणून कोणी पुरीबरोबर चंदन मागत नाही. आमचं म्हणणं तेवढं मोठं नाही. शब्दाचा इतिहास आपल्याला काय करा ते सांगत नाही, पण काय करता येणं शक्य आहे ते दाखवतो. 'श्रीमती' शब्दाला चिकटलेली भीती काही सृष्टीच्या सुरुवातीपासूनची नाही, हे इतिहासाने कळतं. चिकटवलेली गोष्ट काढता येते. आणि मुलगा श्रीमंत झाला असं आपण म्हणतो तेव्हा दहांतला कोणता वाटा मोजतोय, एवढं तरी विचारता येतं. घरात अन्न आहे का? अंगात बळ, डोक्यात काही ज्ञान, वागण्यात काही शोभा? की फक्त पूषाचा वाटा?

कुळातला एक शब्द आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. वेदात 'अश्रीर' असा शब्द आहे: श्री नसलेलं, कुरूप. त्याच घडणीचा, र-चा ल झालेला शब्द आजही आपण वापरतो. तो शब्द 'अश्लील'. त्याचा संबंध आपण फक्त सिनेमाशी आणि कपड्यांशी जोडून ठेवला आहे. पण लग्नात नोटा उधळल्या जातात, वाढदिवसाला जेसीबीने फुलं पाडली जातात, आणि त्याच वस्तीत कोणाच्या तरी घरी चूल पेटलेली नसते, तेव्हा एखादा माणूस चिडून म्हणतो, हे प्रदर्शन अश्लील आहे. त्याला व्युत्पत्ती माहीत नसते. तरी तो नेमका शब्द वापरतो. पैसा आहे, श्री नाही, असं तो म्हणत असतो.

आता प्रश्न घेऊ. आणि जाण्यापूर्वी नोंदवहीत सह्या करायच्या आहेत, तिथे भगिनींनी आपल्या नावामागे काय लिहायचं ते आपापलं ठरवावं. पुढच्या वेळी 'अर्थ' हा शब्द घेऊ. त्यात पैसाही आहे आणि मतलबही, त्यामुळे तो हिशेब याहून लांबेल.